युरेनियमची वाढ आणि उष्णतेचा उतारा

धातूचा स्वभाव त्यातल्या घटकांवरच ठरतो असं आपण मानतो. युरेनियमच्या बाबतीत हे पुरेसं नाही. सुमारे 668 अंश सेल्सिअसखाली त्याच्या स्फटिकाच्या तीन दिशा सारख्या नसतात. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या माऱ्यात धातूचा प्रत्येक स्फटिककण एका दिशेनं वाढतो, दुसऱ्या दिशेनं आखडतो. रोलिंग केलेल्या इंधनाच्या कांडीत हे कण रांग धरून बसतात, म्हणून अख्खी कांडीच आकार सोडते आणि आवरणावर ताण येतो. तीच कांडी 668 अंशांपलीकडे, बीटा अवस्थेत नेऊन झटकन थंड केली, की स्फटिकांची नवी मांडणी होते. कण वाटेल त्या दिशांना तोंड करतात, एकाची वाढ दुसऱ्याच्या आकसण्यात जिरते.

कुणी म्हणेल, कण तरीही वाढतातच. खरं आहे, म्हणूनच ते बारीक हवेत, नाहीतर पृष्ठभाग सुरकुततो. मग दुसरा धातूच का मिसळू नये? ब्रिटनच्या मॅग्नॉक्स अणुभट्ट्यांच्या इंधनात किंचित लोह आणि अ‍ॅल्युमिनिअम मिसळत, पण उष्णतोपचाराच्या जोडीनं. ही भर फार वाढवता येत नाही, कारण त्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालत. ट्रॉम्बेची 1985 मध्ये सुरू झालेली ध्रुव अणुभट्टीही नैसर्गिक युरेनियमवरच चालते; अशा ठिकाणी न्यूट्रॉन मोजूनमापून असतात आणि मिसळलेला धातू त्यांतले काही गिळतो. उष्णतोपचारात मात्र एकही न्यूट्रॉन खर्ची पडत नाही.