खोट आपल्यात नव्हती



आम्ही चौघी दर महिन्याला बर्डीवर भेटतो. मोरभवनला बसमधून उतरायचं आणि एखाद्या ठेल्यावर तर्री-पोहे घेऊन बोलत बसायचं. सीताबर्डीच का? तर बर्डीवर खरेदीला जातो म्हटलं की घरी कोणी पुढचं विचारत नाही. परत जाताना एखादा ब्लाउजपीस तेवढा घ्यावा लागतो!

दुखणं चौघींचं एकच. लग्नानंतर काही वर्षांनी कळलं, की नवऱ्याचा ओढा बाईकडे नाहीच, पुरुषाकडे आहे. एकीला फोनमधून कळलं, एकीला नवऱ्यानंच रडत सांगितलं. पण त्याआधीची वर्षं? नवरा जवळ येत नाही म्हणून उपास आम्ही धरले, तपासण्या आमच्या झाल्या, 'वांझ' हा शब्दही आमच्याच वाट्याला आला. आरशासमोर उभं राहून आम्हीही स्वतःतच खोट शोधली. काळी आहे म्हणून? जाड आहे म्हणून? बायांनो, खोट नव्हतीच. हा आजार नाही, कोणाची करणी नाही. बायको नटली किंवा कोणी औषध दिलं म्हणून ते बदलत नाही. हे समजलं त्या दिवशी राग आला खूप, पण छातीवरचा दगडही हलला.

पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनीही आधी एका मुलीशी लग्न केलं होतं. ते टिकलं नाही. २००२ साली त्यांनी समपथिक ट्रस्ट काढली, या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली. असं उघड बोलणारे थोडेच. बाकीचे 'लग्न झालं की सुधरेल' या घरच्यांच्या भरवशावर बोहल्यावर चढतात, आणि त्या भरवशाची किंमत सून मोजते.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ठरवलं, की दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे असे संबंध गुन्हा नाहीत. म्हणून पोलिसांची धमकी देण्यात अर्थ नाही, गावभर त्याची बदनामी करण्यातही नाही. पण लपवून लग्न केलं ही गोष्ट वेगळी. महत्त्वाची बाब लपवून संमती घेतली असेल, तर हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द करून मागता येतं. अर्ज मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि कळल्यावरही आपल्या मर्जीनं संसार चालू ठेवला तर ती वाट बंद होते. आमच्यातल्या एकीचं ते वर्ष 'बघू, बघू' करता करता गेलं. शेवटी दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेतला. त्यासाठी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं.

वकिलाच्या पैशाला भिऊ नका. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण तिला मोफत वकील देतं, फोन १५१००. नवऱ्याचे बाहेर संबंध असतील, मग ते कोणाशीही असोत, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, नाव गुप्त राहतं. आम्ही एकमेकींचा हात धरून गेलो होतो.

आता दोघी शिलाई करतात, एक अंगणवाडीत आहे. चौथी लेकरांसाठी त्याच घरात राहते, खोल्या वेगळ्या. तिला आम्ही 'सोड' म्हणत नाही, 'राहा' असंही म्हणत नाही. पुढच्या महिन्यात ती लग्नाचा दाखला आणि दागिन्यांच्या पावत्या बर्डीवर आणणार आहे. झेरॉक्स काढून एक प्रत आमच्यापाशी ठेवू.