लाओशी, आधी ऐकून घ्या

मी सिंगापूरहून बोलतेय. आज तुम्हाला माझ्या शनिवारच्या वर्गाबद्दल सांगायचं आहे.

आम्ही राहतो ती एचडीबीची, म्हणजे सरकारी घरांची इमारत. तिच्या तळमजल्यावर एक खोली आहे. दर शनिवारी सकाळी दहा वाजता तिथे आठ-दहा बायका आणि दोन आजोबा जमतात. सगळे चीनमधून आलेले. मी त्यांना इंग्रजी शिकवते. मी काही पेशाने शिक्षिका नाही. सांगली जिल्ह्यात मराठी शाळेत शिकले, एबीसीडी पाचवीत गिरवली. पण वर्गासाठी कुणीतरी हवं होतं आणि मला शनिवारी सुट्टी होती, म्हणून सुरुवात झाली.

तुम्ही विचाराल, सिंगापुरात चारातली जवळजवळ तीन माणसं चिनी वंशाची, मग चिनी माणसाला तिथे इंग्रजी कशाला? प्रश्न बरोबर आहे. इथे मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार अधिकृत भाषा आहेत. इथल्या चिनी घरांत पूर्वी होक्किएन, तिओच्यू, कँटोनीज अशा बोली चालायच्या. १९७९ साली सरकारने ‘मँडरिन बोला’ अशी मोहीम काढली आणि हळूहळू मँडरिन सगळीकडे पसरली. त्यामुळे भाजीबाजारात, चहा-कॉफीच्या टपरीवर मँडरिनवर भागतं. पण शाळांचं माध्यम इंग्रजी. बँकेचा कागद इंग्रजी, शाळेची चिठ्ठी इंग्रजी, औषधाच्या पाकिटावरची सूचना इंग्रजी. म्हणजे पोट भरायला मँडरिन पुरते, कागद आला की अडतं.

माझ्या वर्गातल्या बऱ्याच बायका मुलांच्या शिक्षणासाठी आल्या आहेत. नवरा तिकडे चीनमध्ये नोकरीला, ही इथे मुलाला घेऊन. अशा बाईला चिनीत ‘फेइतू मामा’ म्हणतात. आपला मामा नव्हे बरं का, त्यांच्याकडे मामा म्हणजे आई! अभ्यासासाठी मुलाच्या सोबत राहणारी आई. बाहेरून आलेल्या मुलाला सरकारी शाळेत जागा मिळवायला इंग्रजी आणि गणिताची परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे घरात आधी मूल इंग्रजी शिकतं आणि आई मागे राहते.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी म्हटलं, “पेन काढा.” दोन बायकांनी वही काढली! मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा म्हटलं, “पेन, पेन.” पुन्हा वहीच. मग उलगडा झाला. मँडरिनमध्ये आपल्यासारखा ‘ब’ नाही. रोमन लिपीत ते ‘बी’ लिहितात, पण उच्चार आपल्या ‘प’चा. आणि ‘पी’ लिहितात तो जवळजवळ आपला ‘फ’, ओठ मिटून म्हटलेला, फणसातला. इंग्रज माणूसही पेन म्हणताना हवा सोडतो, आपण सोडत नाही. माझं मराठी वळणाचं ‘पेन’ त्यांना ‘बेन’ ऐकू आलं, आणि वहीसाठी त्यांचा शब्द तशाच आवाजाने सुरू होतो. म्हणजे चूक माझीच होती! त्या दिवसापासून आम्ही तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ‘पेन’ म्हणतो. कपटा हलला तर बरोबर.

शिकवता शिकवता मीही शिकत गेले. बोलताना त्यांच्याकडे ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द, ‘था’. म्हणून बायको नवऱ्याबद्दल सांगताना ‘शी’ म्हणते. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणून ‘यस्टर्डे आय गो’. त्यात आळस नाही, त्यांच्या भाषेत ‘काल’ म्हटलं की काम झालं. ‘ए’ आणि ‘द’ कुठे लावायचं, हे ना त्यांच्या भाषेत ना आपल्या. तिथे आम्ही सगळे एकाच बाकावर.

आकड्यांचं तर आणखी गमतीचं. इंग्रज हजारावर मोजतो. आपण लाखावर जातो. त्यांच्याकडे दहा हजाराला वेगळा शब्द आहे, ‘वान’. दहा वान म्हणजे आपला एक लाख. घरभाड्याचा किंवा फीचा आकडा इंग्रजीत सांगताना त्यांची जशी तारांबळ उडते, तशीच पहिल्या वर्षी माझी उडायची. आणि नाती! आईचा भाऊ वेगळा, वडिलांचा भाऊ वेगळा, मावशी वेगळी, आत्या वेगळी. ‘अंकल’ आणि ‘आंटी’ या दोनच शब्दांत सगळं गोत कोंबायचं म्हटल्यावर त्यांना जे वाटतं, ते मला न सांगता कळतं.

आता खरी गोष्ट सांगते. वर्गात एक ताई होत्या. चाळिशीच्या, हुशार. वहीत सगळं नीट लिहून घ्यायच्या. मला ‘लाओशी’ म्हणायच्या. लाओशी म्हणजे गुरुजी, बाई. मला वाटायचं, यांचं इंग्रजी लवकर सुधारेल, म्हणून मी त्यांचं प्रत्येक वाक्य मध्येच थांबवून दुरुस्त करायची. तीन महिन्यांनी त्या यायच्या बंद झाल्या. मी दोनदा फोनवर निरोप पाठवला, उत्तर नाही.

पुढे एकदा मासळीबाजारात भेटल्या. मी विचारलं, का येत नाही? थोड्या चिनीत, थोड्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, “घरी मुलगा चुका काढतो. दुकानात लोक हसतात. तुमच्याकडे आले, तर तुम्ही पण चुकाच काढता. मग मी बोलू कुठे?”

मंडळी, माझ्या हातातली पिशवी जड झाली. पाचवीत इंग्रजीच्या तासाला मी उभी राहिले की वर्ग हसायचा. त्या भीतीने मी कॉलेजपर्यंत इंग्रजीत तोंड उघडलं नव्हतं. आणि तेच मी या बाईंना करत होते, तेही शिकवते आहे या समजुतीत.

त्यांनी आणखी एक सांगितलं. मुलाच्या शाळेतून चिठ्ठ्या यायच्या आणि त्या त्यांना मुलगाच वाचून दाखवायचा. एक चिठ्ठी त्याने वाचलीच नाही, दप्तरातच ठेवली. वर्गात लक्ष नाही, पालकांनी भेटावं, अशी होती ती. आईला ते कळलं महिन्याभराने. ज्या मुलासाठी घर सोडलं, त्याच्याबद्दलचं तिला त्याच्याकडूनच कळायचं, तेही त्याला हवं तेवढंच.

त्यानंतर मी वर्गाची रीत बदलली. पहिली वीस मिनिटं कुणी कुणाची चूक काढायची नाही. आठवड्यात काय झालं ते प्रत्येकाने सांगायचं, तोडकंमोडकं चालेल. मी फक्त ऐकते. मग सगळ्यांची मिळून एकच चूक निवडते आणि तेवढीच दुरुस्त करते. पुस्तक बाजूला ठेवलं. आता आम्ही शाळेची चिठ्ठी वाचतो. ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ कसं लिहिलेलं असतं ते बघतो. ९९५ हा इथला रुग्णवाहिकेचा नंबर. तो लावून आपला ब्लॉक, मजला, घर नंबर आणि कुणाला काय झालंय, हे सांगायचा सराव तर दर महिन्याला करतो. आजोबांना काळ अजून जमत नाही, पण पत्ता ते झोपेतही सांगतील.

त्या ताई परत आल्या. लगेच नाही, पण आल्या. पुढच्या पालकसभेला त्यांनी मुलाला बाहेर बाकावर बसवलं आणि स्वतः आत गेल्या. एकच प्रश्न पाठ करून नेला होता, “हाऊ कॅन आय हेल्प हिम अॅट होम?” उत्तर निम्मंच कळलं म्हणे. पण मग त्यांनी बाईंना सांगितलं, “प्लीज, स्लोली.” आणि बाई सावकाश बोलल्या. हा ‘प्लीज, स्लोली’ आमच्या वर्गाचा पहिला धडा आहे.

तुमच्या गल्लीतही कुणी बाहेरून आलेलं असेल. बिहारचा गवंडी, तेलंगणातून आलेली सून, मोडकं मराठी बोलणारं कुणीतरी. चूक काढायच्या आधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. चिनी माणसं भेटली की विचारतात, “च फान ल मा?” म्हणजे जेवलात का? आपल्या गावाकडेही हेच विचारतात ना? तेवढं विचारलं तरी सुरुवात होते.