फितींच्या कोठाराची विचारपूस

एखाद्या जुन्या दफ्तरखान्यात नवा कारकून रुजू झाला, तर त्याने प्रथम काय करावे? फडताळे किती, रुमाल किती, कोणत्या रुमालावर चिठ्ठी आहे आणि कोणत्यावर नाही, एवढे तरी विचारून घ्यावे. हे न करता तो हाताला येईल तो रुमाल सोडू लागला, तर दफ्तराची दशा काय होईल हे सांगावयास नको. संगणकाच्या नोंदी राखणारी जी फितींची कोठारे असतात, त्यांची गोष्ट याहून निराळी नाही. तेथे रुमाल काढणारा हात यंत्राचा असतो, आणि त्याला भीड म्हणून नसते, एवढेच.

चुंबकीय फीत आता इतिहासजमा झाली, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नव्हे. एलटीओ जातीची पहिली कार्ट्रिज २००० साली आली, तेव्हा तिच्यात १०० गिगाबाइट मजकूर मावे; २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतो. खणात पडून असलेल्या फितीला वीज लागत नाही, आणि दूर बसलेल्या चोराचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच मोठमोठ्या संस्था आपल्या नोंदींची राखीव प्रत आजही फितीवर ठेवतात.

या फिती हलविणाऱ्या यंत्रास टेप लोडर म्हणतात. स्कझी नावाच्या प्रमाण-पद्धतीने त्याची चार अंगे मानली आहेत : फीत उचलणारा हात, ती ठेवण्याचे खण, ती वाचणारा-लिहिणारा ड्राइव्ह, आणि बाहेरून फीत आत घेण्याची वा बाहेर देण्याची खिडकी. कोणत्या यंत्रात यांपैकी काय व किती आहे, हे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले असते खरे. परंतु माहितीपत्रक एका नमुन्याचे आणि दारी आलेले यंत्र दुसऱ्याच नमुन्याचे, असे होऊ शकते. तेव्हा यंत्रालाच विचारणे श्रेयस्कर.

लिनक्स प्रणालीत यासाठी ‘एमटीएक्स’ नावाचा आज्ञासंच आहे. त्याचा मूळ कर्ता लिओनार्ड झुबकॉफ. या संचातच ‘लोडरइन्फो’ ही एक छोटी आज्ञा आहे. तिच्यापुढे लोडरचे प्रणालीतील नाव लिहिले, की ती यंत्राला क्रमाने विचारते : तू कोण, कोणत्या कंपनीचा, तुझे हात, खण, खिडक्या, ड्राइव्ह किती, फीत उलटी फिरविता येते काय, खणातून ड्राइव्हमध्ये, ड्राइव्हमधून खणात, खणातून खणात, यांपैकी कोणकोणती ने-आण तुला साधते, बारकोड वाचता येतो काय. या प्रश्नांनी एकही फीत जागची हलत नाही. नवख्या माणसाची एक चूक मात्र येथे ठरलेली : तो लोडरऐवजी ड्राइव्हचे नाव लिहितो. दोघे एकाच पेटीत राहत असले, तरी प्रणालीच्या लेखी ते दोन निराळे जीव आहेत.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. समजा, एका यंत्राबद्दल ‘एमटीएक्स’ने २४ खण असल्याचे कळविले. रात्रीचे काम आखणाऱ्याने पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत फिती फिरवावयाचे ठरविले. पण त्या आकड्यात खिडकीही मोजलेली असते, आणि तिचा क्रम शेवटी लागतो. म्हणजे चोविसावा खण कोठारातला नव्हे, दारातला! त्यात ठेवलेली फीत सकाळी कोणीतरी रिकामी समजून उचलून नेतो. आणि ज्या दिवशी मूळ नोंदी नष्ट होतात, नेमकी त्याच दिवशी तिची आठवण होते. ‘लोडरइन्फो’ खण आणि खिडक्या वेगवेगळ्या मोजून सांगते. दोन ओळी वाचण्याचा कंटाळा असा महागात पडू शकतो.

तथापि यंत्राच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबणेही बरे नव्हे. प्रत्येक लोडर सर्व प्रश्नांची उत्तरे देतोच असे नाही. काही जुने नमुने अर्ध्या प्रश्नांवर मौन पाळतात, आणि मौन म्हणजे नकार नव्हे. शिवाय काही गोष्टी या यादीत येतच नाहीत. कित्येक ड्राइव्हना आधी फीत गुंडाळून बाहेर काढण्याची निराळी आज्ञा द्यावी लागते, त्यावाचून हाताला ती ओढता येत नाही. हे प्रत्यक्ष एक फीत भरून, काढूनच पडताळावे, आणि तेही कोरी फीत घेऊन.

मिळालेले उत्तर कागदावर छापून, वर तारीख घालून, यंत्राच्या कपाटाच्या दारामागे लावून ठेवावे. लोडरमधील अंगभूत प्रणाली बदलली, की तीच आज्ञा पुन्हा द्यावी, आणि जुना-नवा कागद शेजारी शेजारी धरून ओळ न् ओळ ताडून पाहावी.