मुक्त संगणक प्रणाली : मोफत, पण विनाखर्च नव्हे



उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पाणपोई दिसते. वाटसरू पाणी पितो आणि तृप्त होऊन पुढे जातो. पाण्याचे मोल कोणी मागत नाही. परंतु रांजण भरणाऱ्याला रोज विहीर गाठावीच लागते. संगणकाच्या मुक्त प्रणालींची स्थिती नेमकी अशीच आहे.

यंत्राकडून सारी कामे करवून घेणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. ती वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व इतरांना देण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असावे, या हेतूने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याला पूरक असा 'लिनक्स'चा गाभा प्रसिद्ध केला. तथापि, सामान्य माणसाला टेबलावरील संगणकावर सहज वापरता येईल असे रूप त्याला देणे, हे वर्षानुवर्षांचे खर्चिक काम होते.

दक्षिण आफ्रिकेतील उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी हा भार उचलला. आपली कंपनी १९९९ साली विकून मिळालेल्या संपत्तीच्या बळावर त्यांनी २००४ साली 'उबुंटू' लोकांपुढे आणली. तिच्या तबकड्या २०११ सालापर्यंत जगभर टपालाने विनामूल्य धाडल्या जात. परंतु दात्याची थैली कितीही मोठी असली तरी तिला तळ असतोच. २०१२ साली वापरकर्त्यांना ऐच्छिक देणगीचे आवाहन करण्यात आले. २०१३ साली, संगणकाचेही काम करील अशा दूरध्वनीसाठी ३ कोटी २० लाख डॉलर लोकवर्गणीतून उभारण्याचा संकल्प झाला. जमले सुमारे १ कोटी २८ लाख. उद्दिष्ट न गाठल्यामुळे ती रक्कम परत करण्यात आली. पुढे २०१७ साली 'युनिटी' हा स्वतः घडविलेला पडदाही कंपनीने सोडून दिला व 'ग्नोम' या सामुदायिक प्रकल्पाचा स्वीकार केला. मोठ्या संस्थांच्या सर्व्हरची सेवा उत्पन्न देते. घरातील वा शाळेतील संगणक ते देत नाही, हे यामागील व्यावहारिक सत्य आहे.

म्हणूनच अशा कामाला सार्वजनिक निधीची जोड हवी. जर्मन शासनाच्या सार्वभौम तंत्रज्ञान निधीतून २०२३ साली 'ग्नोम'ला १० लाख युरो मंजूर झाले. दिव्यांगांची सोय आणि सुरक्षितता ही त्यातील प्रमुख कामे होती. आपल्याकडे, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारी 'बॉस' प्रणाली विकसित केली. केरळने शालेय शिक्षणात मुक्त प्रणालीच रुजविली.

रस्ता बांधला की खड्डे बुजविण्याची तरतूदही करावी लागते. प्रणालीचेही तसेच आहे. शासनाने निधी द्यावा, संस्थांनी तज्ज्ञ द्यावेत. ज्याला पैसा देणे शक्य नाही त्याने दोष कळवावेत, मराठी अनुवादास हात लावावा. पाणपोई सर्वांची आहे. रांजण भरण्याची जबाबदारीही सर्वांनी वाटून घेतली, तरच तो भरलेला राहील.