यंत्राचे उत्तर आणि आपला विद्यार्थी

(केज येथे प्राध्यापक, पालक व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता : शाप की वरदान?’ त्यांची क्षमा मागून तो मी बाजूला ठेवतो. या मथळ्याचे निबंध आपण सर्वांनीच शाळेत लिहिले आहेत आणि त्यांचा शेवटही आपल्याला पाठ आहे. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवल्यावर मला सतावणारा प्रश्न याहून लहान आहे. आपल्या तालुक्यातला मुलगा आपला प्रकल्प यंत्राकडून लिहून घेतो, तेव्हा त्याचे नेमके काय जाते?

आधी एक कबुली द्यावयास हवी. नक्कल यंत्राने आणलेली नाही. पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पाची तयार फाईल झेरॉक्सच्या दुकानात मिळत असे आणि वरचे पान बदलले की काम भागत असे, हे या सभागृहातील कोणास ठाऊक नाही? अशा शेकडो फायलींवर मी स्वतः न वाचता सही केली आहे. म्हणून आज विद्यार्थ्यांकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हा शिक्षकांना थोडा कमीच पोहोचतो.

मग नवे काय झाले? ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि मागाल त्या विषयावर, मागाल तेवढ्या लांबीचा मजकूर क्षणात मिळू लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानून पुढे पायरीपायरीने दंड ठेवले आहेत. पण ते नियम जुन्या लेखनाशी असलेले साम्य मोजतात. यंत्र प्रत्येक वेळी नवे वाक्य जुळवते, त्यामुळे साम्य सापडत नाही. यंत्रलिखित मजकूर ओळखण्याची साधने निघाली खरी. परंतु चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये आणलेले असे साधन, अचूकता अपुरी म्हणून, त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशी साधने तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले होते. साधे, ठरावीक शब्दांचे इंग्रजी लिहिणारा आमचा प्रामाणिक विद्यार्थीच अशा साधनाच्या तावडीत आधी सापडेल. पोलीस-चोराचा हा खेळ महाविद्यालयांनी खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र काम कसे करते, हे पालकांनीही समजून घ्यावे. त्याच्या पोटात ग्रंथालय नाही. अफाट मजकूर वाचवून त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते, ती म्हणजे या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक. त्या संभवाच्या आधारे ते वाक्य पुढे नेते. जेथे त्याने भरपूर वाचलेले असते, तेथे उत्तर बहुधा बरोबर येते. जेथे वाचन तुटपुंजे, तेथेही वाक्य तितकेच सफाईदार येते, फक्त त्यात सत्य असेलच याची शाश्वती नसते. अलीकडची काही यंत्रे आंतरजाल धुंडाळून संदर्भ देतात. पण तो संदर्भ उघडून पाहण्याचे काम वाचणाऱ्याचेच उरते.

येथे आपल्या भाषेचा प्रश्न येतो. आंतरजालावरील मजकुरात मराठीचा वाटा एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी आहे. शिवाय यंत्र शब्दांचे लहान लहान तुकडे करून वाचते आणि हे तुकडे करण्याची रीत बहुतांशी इंग्रजीच्या सोयीने घडल्यामुळे देवनागरी शब्दाचे तुकडे अधिक पडतात. म्हणजे तेच काम मराठीत महाग पडते आणि बऱ्याचदा कच्चे उतरते.

ज्ञानाची भाषा परकी असली म्हणजे काय होते, हे मराठवाड्याला कोणी शिकवावयास नको. निजामी राजवटीत १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा उच्च शिक्षण देशी भाषेत देण्याचे पाऊल खरोखर पुढचे होते. पण ती भाषा उर्दू होती, येथील शेतकऱ्याच्या घरची नव्हे. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्यात आणि नंतर शेजारच्या अंबाजोगाईत राष्ट्रीय शिक्षणाचे काम उभे केले, ते याच परिस्थितीत. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो आणि १९५८ साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण साजरा केला. केंद्र शासनाची ‘भाषिणी’ योजना २०२२ पासून भाषांतराची साधने घडवीत आहे. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने २०२४ मध्ये ‘भारतजेन’ हा भारतीय भाषांतील यंत्रप्रणालींचा प्रकल्प सुरू झाला. या प्रयत्नांचे स्वागतच आहे. पण त्यांना वाचावयास देण्याजोगे मराठी कोण लिहिणार? यंत्राने जुळवलेले मराठी आम्ही आंतरजालावर ओतत राहिलो, तर पुढचे यंत्र तेच वाचून शिकेल. यंत्राचा मजकूर यंत्राला पुन्हा पुन्हा शिकवल्यास ते उत्तरोत्तर बिघडत जाते, हे दाखवणारे संशोधन २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आले आहे.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढच्या तीन शतकांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात अपपाठ शिरले, कोणी आपल्या ओव्याही घातल्या. पैठणच्या एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या पोथ्या जमवल्या, त्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ स्वतः थोर कवी होते. एखादी गाळलेली ओवी ते सहज रचू शकले असते, आणि ती कोणाला ओळखूही आली नसती! त्यांनी आपली प्रतिभा बाजूला ठेवली आणि मूळ काय होते हे शोधले. यंत्राजवळ प्रतिभेचा आभास भरपूर आहे. मुळापाशी जाण्याची ही शिस्त मात्र ते वापरणाऱ्याने आणावी लागते.

यंत्राला वर्गाबाहेर ठेवावे, असे माझे म्हणणे आहे का? मुळीच नाही. ज्यांच्या घरी ऐपत आहे, त्यांची मुले लातूरला, संभाजीनगरला शिकवण्या लावतात. आपल्या तालुक्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडणीला जातात. सोबत गेलेल्या मुलाची हजेरी बुडते, तास बुडतात. इकडे महाविद्यालयांत रिक्त जागा वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर भागवल्या जातात. कोपीत बसून रात्री अकरा वाजता ‘सीमांत उपयोगिता मला समजली नाही, बैलजोडीचे उदाहरण देऊन सांग’ असे विचारण्याची सोय त्या मुलाला प्रथमच मिळाली आहे, आणि दहादा विचारले तरी समोरचा वैतागत नाही. आम्ही वैतागत होतो. ही सोय त्याच्यापासून हिरावून घेणारा मी कोण?

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पाची रीत बदलली. यंत्र वापरावयास उघड परवानगी दिली, अटी मात्र घातल्या. विषय आपल्या गावचा असावा, यंत्राशी झालेला संवाद फाईलला जोडावा, यंत्राने कोठे चूक केली ते लाल शाईने दाखवावे आणि ती चूक आहे हे कशावरून, ते समासात लिहावे. सोबत तोंडी परीक्षा. माझे काम दुप्पट झाले, हे लपवीत नाही. पासष्ट मुलांच्या तोंडी परीक्षेला चार दिवस लागले. काही फायलींत लाल शाईदेखील यंत्राला विचारूनच उमटली होती. तोंडी परीक्षेत ते दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडले.

एका मुलीने ऊसतोड कुटुंबाचा हिशेब हा विषय घेतला. तिचे आईवडील म्हणजे एक कोयता. यंत्राने तिला सुबक मराठीत लिहून दिले की, उचल म्हणजे साखर कारखान्याने बँकेमार्फत दिलेले कर्ज आणि खाडा म्हणजे मजुराची साप्ताहिक सुट्टी. तिने दोन्ही वाक्ये लाल केली. समासात लिहिले, ‘उचल मुकादम देतो. हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षावर चढते. खाडा म्हणजे सुट्टी नव्हे. आजारी पडून कामावर गेले नाही तरी त्या दिवसाचे पैसे कापतात. आधार : वडिलांची वही, आईचे सांगणे.’ त्याच यंत्राकडून तिने टनामागच्या दराची आणि कपातीची गणिते तपासून घेतली. ती बरोबर निघाली आणि तिने तसे प्रांजळपणे नोंदवलेही.

इंग्रजी सारांश करताना यंत्राने खाड्याची पुन्हा सुट्टी केली. तिने तो शब्द खोडला, ‘खाडा’ हाच शब्द रोमन लिपीत ठेवला आणि खाली अर्थ दिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच शब्दावर विचारला. प्रत्येकीला दहा मिनिटे ठरली होती. ही मुलगी चाळीस मिनिटे बोलत होती आणि परीक्षक वहीत टिपून घेत होते.