शाळा आल्या, अंतर राहिले
(जिल्हा बैठकीतील भाषण)



1882 साली जोतिराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हिशेब मांडला. महसूल बहुतांशी रयतेच्या घामाचा, शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर. (हेच फुले आपल्या नगरला मिस फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून गेले होते.) मागणी होती, बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा.

1919 मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या शाळा नगर जिल्ह्यातही आल्या. कुणब्याची पोरे मॅट्रिक झाली.

मग अंतर मिटले का? 1993 मध्ये शॅव्हिट आणि ब्लॉसफेल्ड यांनी तेरा देशांचा अभ्यास छापला. शाळा सगळीकडे वाढल्या, पण बापाच्या परिस्थितीचा पोराच्या शिक्षणावरचा पगडा स्वीडन आणि नेदरलँड सोडले तर फारसा सैल झाला नव्हता. खालची पायरी सर्वांना मिळेपर्यंत वरचे लोक पुढची पायरी गाठतात. आपल्याकडे 1983 साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली. दार उघडे, पण फी भरायची. ज्वारी-कपाशीच्या भावात ती बसते का, ते मी तुम्हाला काय सांगावे?

आणि पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडीला जाणारी घरे? तिथे फीचा प्रश्नच येत नाही. दिवाळीनंतर कोयता निघतो, पोरगी धाकट्याला सांभाळायला फडात, नाव मात्र शाळेच्या पटावर. परत येते तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर.

गावी गेलात की हजेरीपट मागा. दिवाळीनंतरची पाने तेवढी बघा, आणि कोण गैरहजर आहे ते पुढच्या बैठकीला लिहून आणा.