इंदूरची जुनी निसर्गचित्रे : संग्रह आणि जतन

(भाषणाचा मजकूर)



इंदूरचे नाव निघताच होळकरांचा राजवाडा, कापडगिरण्या आणि सराफ्यातील खाद्यपदार्थ आठवतात. या नगरीने चित्रकारांची एक पिढीच्या पिढी घडविली, याची जाणीव मात्र अभावानेच आढळते. 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी येथे चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णु चिंचाळकर आणि मकबूल फिदा हुसेन हे सारे त्यांचे विद्यार्थी. उघड्या माळावर, नदीकाठी बसून प्रत्यक्ष प्रकाश पाहत चित्र रंगवावे, हे इंदूरच्या चित्रकारांचे वैशिष्ट्य ठरले. पदविका परीक्षेसाठी येथील विद्यार्थी मुंबईस जात. बेंद्रे यांनी ती 1933 साली संपादन केली.

या नामवंतांची चित्रे संग्रहालयांत पोहोचली. परंतु त्यांच्याच शेजारी मांडी घालून महेश्वरचा तोच घाट रंगविणाऱ्यांपैकी कित्येकजण पुढे ड्रॉइंग मास्तर झाले आणि विस्मृतीत गेले. अशांची जलरंगातील चित्रे वाड्याच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी पडून असतात. वाडा पाडून इमारत उभारावयाची वेळ आली की फ्रेम भंगारात जाते आणि कागद रद्दीत. मोठ्या नावाच्या चित्राचे रक्षण त्याची किंमतच करते. लहान नावाच्या चित्राला वाली नसतो.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे तर शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. कोटितीर्थाच्या परिसरात त्यांनी आयुष्यभर निसर्गचित्रे काढली. 1931 साली त्यांचे निधन झाले, आणि त्या अफाट निर्मितीपैकी फार थोडा भाग आज पाहावयास मिळतो. जेथे आबालालांची ही गत, तेथे एखाद्या ड्रॉइंग मास्तरांची काय कथा!

अशा चित्रांचे मोल केवळ सौंदर्याचे नाही. नर्मदेच्या खोऱ्यातील हरसूद गाव धरणाच्या पाण्यासाठी 2004 साली रिकामे करण्यात आले. नदीकाठचा एखादा पार, उतार, होडी बांधण्याची जागा जुन्या चित्रात रंगासह सापडली, तर ती त्या गावाची कागदपत्रेच होत.

संग्रह करू इच्छिणाऱ्याने चित्राची मागील बाजू प्रथम पाहावी. फ्रेम करणाऱ्याची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, पेन्सिलीने लिहिलेले गावाचे नाव, हे सारे तेथेच असते. सहीवर विसंबू नये. अज्ञात चित्रकाराची सही खरवडून तेथे प्रसिद्ध नाव घालण्याचा उद्योग बाजारात चालतो, आणि त्यात दोघांवरही अन्याय होतो. शंभर वर्षांहून जुने चित्र 1972 च्या पुरावस्तू व कला-निधी अधिनियमाखाली येते. ते खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. चित्र विकत घेतल्याने ते छापण्याचा हक्कही मिळतो, हा समज चुकीचा आहे. तो हक्क चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या वारसांकडे राहतो.

जतनात खर्च थोडा, काळजी अधिक. जलरंगाच्या कागदाला काच चिकटू देऊ नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवावी. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे म्हणजे डाग कायमचा करणे होय. न्हाणीघराला लागून असलेली ओलसर भिंत आणि थेट ऊन, दोन्ही वर्ज्य. तैलचित्र ओल्या फडक्याने, किंवा काही घरांत करतात तसे बटाट्याच्या फोडीने, पुसू नये.

शाळांतील शिक्षकांस येथे मोठे काम करता येईल. गावातील जुन्या ड्रॉइंग मास्तरांच्या घरी विद्यार्थ्यांसह जावे, चित्राचे पुढून व मागून छायाचित्र घ्यावे, वृद्धांना ठिकाण विचारावे. मिळालेली माहिती वेगळ्या कागदावर नोंदवून तो कागद चित्रासोबत ठेवावा. चित्राच्या पाठीवर शाईने काहीही लिहू नये, कारण शाई पुढच्या बाजूस उतरते.